दिव्याखालची शेवंती

लुआनं अंगठ्याच्या नखानं शेवंतीचा शेंडा हलकेच उकलून पाहिला... आत पान. त्या पानाच्या आत आणखी एक पान, हिरवंगार, कोवळं, अगदी निर्लज्ज. कळी नव्हती. तिनं दुसरं रोप पाहिलं, मग तिसरं. ओट्यालगतच्या चार ओळी ती उकिडवी बसून सरकत सरकत तपासत गेली आणि चाळिसाव्या रोपाशी तिनं तपासणं सोडून दिलं.

मागच्या दोन ओळींना मात्र कळ्या धरल्या होत्या. मोहरीएवढ्या, घट्ट, वेळेवर शाळेत आलेल्या पोरींसारख्या.

नूच्या लग्नाला तीस दिवस उरले होते.

"ताई, डोळे मीट बघू," मागून थेउ म्हणाली. थेउ म्हणजे लुआची धाकटी बहीण, नूची आई. वीस वर्षं चेक देशात कपड्यांच्या कारखान्यात आणि मग तिथल्या बाजारात काढून, लेकीच्या लग्नासाठी महिना-दीड महिन्यापूर्वी ती घरी परतली होती.

"मातीचे हात आहेत माझे," लुआ म्हणाली.

"हातांनी नाही बघायचंय. मीट."

लुआनं डोळे मिटले, उघडले. समोर थेउ दोन्ही हातांवर लालभडक आओझाय घेऊन उभी होती. नवरीचा पोशाख. रेशमी, पायघोळ, आणि छातीपासून गुडघ्यापर्यंत सोनेरी दोऱ्यानं भरलेली शेवंतीची फुलं... एकेक पाकळी वेगळी, एकेक टाका तांदळाच्या कण्यापेक्षा बारीक.

"बोल ना काहीतरी. तू नदीपलीकडं गेलीस त्या दिवसापासून बसलेय या कामाला. पोरीला कळू द्यायचं नव्हतं. ती सोमवारी शाळेत शिकवायला गेली की शनिवारपर्यंत मोकळी मी. पण दिवसा काढलं तर तेओ आजी कुंपणातून बघणार आणि दुपारपर्यंत गावात दवंडी. म्हणून दिवस मावळला की पायरीवर बसायचं ते पहाटेपर्यंत. तिकडून मोठा दिवा आणला होता ना मी, कारखान्यातला, तो लावायचा. डोळ्यांची पार लाही झाली गं... पण टाका बघ."

"दिवा कुठं लावला होतास?" लुआनं विचारलं.

"त्या खांबाला. तोंड बागेकडं केलं होतं. म्हटलं, तुझ्या फुलांनाही मिळेल थोडा उजेड. मी आले तेव्हा तू रात्र रात्र बल्ब लावायचीस त्यांच्यावर. मग तू बंद करून निघून गेलीस आणि बिचारी काळोखात..."

थेउ हसत होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोटांना सुया टोचून टोचून घट्टे... आणि चेहऱ्यावर शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलीचा आनंद.

लुआनं खांबाकडं पाहिलं. खांबावर नवा खिळा होता.

वेन बाय गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की शेवंती काळोख मोजते. रात्री तिच्यावर बल्ब लावा, तिला वाटतं उन्हाळा चाललाय, ती नुसती पानं काढत बसते. बल्ब बंद करा, तिला लांब रात्री भेटल्या की ती म्हणते, आला बाई शरद, आणि कळी धरते. त्या दिवसापासून दोन महिन्यांनी फूल. पण पहिल्या तीन आठवड्यांत तिच्या झोपेत कुणी उजेड पाडला, तर सगळी मोजणी मोडली. म्हणून त्या दिवसांत गावात कुणी बागेच्या बाजूची खिडकी उघडत नाही. तेओ आजी तर शपथेवर सांगते की वेन बायमध्ये चोरसुद्धा विजेरी घेऊन येत नाहीत, चाचपडत येतात आणि चाचपडत जातात, आणि एकदा एक चोर असाच चाचपडत दुसऱ्याच घरात शिरून तिथं जावई होऊन राहिला.

पण हे सगळं अलीकडचं. थेउ गाव सोडून गेली तेव्हा गावात वीज म्हणजे कचेरीतला एकच पिवळा बल्ब होता. तिला कोण सांगणार? सांगायचं ते माणूस नदीपलीकडं जाऊन बसलं होतं.

आणि तेही कशासाठी... तर चुलत बहिणीचा पाय मोडलाय म्हणून. पाय काही मोडला नव्हता. चुलत बहीण होडीच्या धक्क्यावर धावत आली होती लुआला घ्यायला. पण नू शनिवारी-रविवारी घरी यायची आणि दारातूनच हाक मारायची, "मावशी, भूक लागलीय." आईकडं ती बघायची ते पाहुण्यांकडं बघावं तसं. लुआच्या मनात आलं, आपण इथं आहोत तोवर या दोघी एकमेकींच्या होणार नाहीत. म्हणून दिवे बंद केले, मोजणी पक्की केली, आणि तीन आठवडे ती स्वतःच्या घरातून उठून गेली.

आता तिला काय वाटलं? काही नाही. खरंच काही नाही. तिनं वाट पाहिली, आतून राग येईल, रडू येईल, निदान छातीत काही हलेल... पण मांडीवर फार वेळ पोर झोपल्यावर पाय बधिर होतो ना, तसं सगळं अंगच झालं होतं.

"छान झालाय," ती म्हणाली. "कमरेत जरा सैल ठेव. लग्नाच्या घरात खाऊन खाऊन सुटेल ती."

"ती आणि सुटेल? पावसातली काडी आहे नुसती."

"मग राहू दे."

लुआ उठली, हात धुतले, आणि भात टाकला.

*

नूचा बाप सीमेवर गेला तो परत आला नाही. नू तेव्हा वर्षाची. ती तीन वर्षांची झाली आणि थेउनं कारखान्याच्या कामाला नाव दिलं. चार वर्षांसाठी गेली, वीस वर्षं राहिली. मधे दोनदा आली, दोन्ही वेळा एवढं सामान घेऊन की होडीचा काठ पाण्याला टेकला.

लुआनं पोर वाढवली. आणि वाढवताना एक काम ती रोज न चुकता करायची. भाताआधी भिंतीवरचा फोटो दाखवायची. "ही कोण?" "आई." "आणि मी?" "मावशी." मगच घास. चार वर्षांची असताना नू तापानं फणफणली आणि लुआच्या सदऱ्याचा कोपरा मुठीत धरून तिला "आई, आई" म्हणायला लागली. लुआ कपाळावर ओला फडका ठेवत राहिली आणि दर वेळी म्हणत राहिली, "मावशी म्हण बाळा. मावशी म्हण." दुसऱ्याची जागा आपण घ्यायची नाही, एवढं एकच तिला कळत होतं. ताप उतरला तेव्हा पोर बरोबर "मावशी" म्हणाली. त्या दिवशीपासून लुआच्या आत काहीतरी झोपलं ते झोपलंच.

वीटभट्टीवरचा एक भला माणूस दोन वर्षं येत होता. येताना कधी मासा आणायचा, कधी नुसताच पावसात भिजून यायचा. लुआ म्हणाली, पोर मोठी होऊ दे. पोर मोठी होईपर्यंत त्याची पोरं मोठी झाली.

उरली ती शेवंती. आणि शेवंतीत लुआचा हात धरणारं कुणी नव्हतं. गावातले बागवाले बल्ब बंद करण्याआधी तिच्या दारात यायचे, "लुआताई, अमुक तारखेला लग्न आहे, कधी बंद करू?" ती बोटांवर मोजायची आणि दिवस सांगायची, आणि त्या दिवशी फुलं उघडायची. तेओ आजीचं म्हणणं तर असं, की एका साली पुरात नवऱ्यामुलाची होडी अडकली, लग्न तीन दिवस पुढं गेलं, तेव्हा लुआनं बागेत जाऊन नुसतं "थांबा" म्हटलं, आणि फुलं तीन दिवस अर्धी उघडी उभी राहिली. एका फुलाला तर उभ्या उभ्या मुंग्या आल्या.

नूच्या लग्नात आईच्या खुर्चीवर थेउ बसणार होती. कानातली कर्णफुलं थेउ घालणार, चहाचा पहिला पेला थेउला. हे सगळं लुआनंच ठरवलं होतं, आणि ते बरोबरच होतं. स्वतःसाठी तिनं फक्त फुलं ठेवली होती. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत तिच्या हातची पिवळी शेवंती, सहा ओळी, त्याच दिवशी उघडलेली. कुणी विचारणार नव्हतं ती कुणी लावली. पण पोर त्यांच्यामधून चालत जाणार होती... एवढं एकच तिचं होतं त्या लग्नात.

*

शनिवारी नू आली. तालुक्याच्या गावात बालवाडीत शिकवायची ती. सायकल लावली, पायरीवर बसली, आणि थेउनं तिच्यापुढं चहा ठेवला. तेओ आजी कुंपणाच्या भोकातून डोकं घालून सुपारी चघळत होती. नव्वदीच्या पुढची ती, आणि त्या भोकातून डोकं घालून घालून तिनं बांबूच वाकवून ठेवले होते.

लुआ सरळ म्हणाली, "नू, पुढच्या चार ओळी लग्नात फुलायच्या नाहीत."

"म्हणजे?"

"माझंच चुकलं. यंदा अधिक मास, सातवा महिना दोनदा आलाय ना. मोजताना गोंधळ झाला. दिवे वीस दिवस उशिरा बंद केले मी."

तेओ आजीचं चघळणं थांबलं. दोन सातव्या महिन्यांच्या साली भलेभले गोंधळतात हे खरं, पण लुआ?

"मग मागच्या दोन ओळींना कळ्या कशा गं आल्या?" तेओ आजीनं विचारलं.

"तिथले बल्ब आधीच उडाले होते."

"छान. म्हणजे बल्बला कळलं आणि तुला नाही कळलं."

"तसंच."

थेउ हसली, पण मायेनं. बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई म्हातारी झाली माझी. जाऊ दे, शहरातून आणू फुलं, पाहिजे तेवढी. हल्ली तर कापडाची मिळतात, महिनोन् महिने राहतात."

"हो," लुआ म्हणाली. "आणू."

नू उठून बागेत गेली. चारही ओळींतून सावकाश फिरली. चार वर्षांची असल्यापासून ती या वाफ्यांत लुआच्या मागं मागं वाढली होती. तिला काही विचारावं लागत नव्हतं, रोपं तिला सांगत असत. पुढच्या ओळींमधे एक सुपारीचं झाड होतं, आणि त्या झाडाच्या मागं, त्याच्या बुंध्याएवढ्याच रुंदीच्या पट्ट्यात, रोपांना कळ्या धरल्या होत्या. दोन्ही बाजूंना नुसता पाला, आणि मधे ती एक सरळ पट्टी... सावलीची. नू त्या पट्टीत उकिडवी बसली. मान वळवून तिनं झाडाकडं पाहिलं, झाडावरून ओट्याकडं, ओट्यावरून खांबाकडं. खांबावरच्या नव्या खिळ्यावर तिची नजर बराच वेळ राहिली.

लुआ भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

नू परत आली आणि म्हणाली, "बरं."

एवढंच. मग चहा प्याली.

त्यानंतर गावात व्हायचं ते झालं. लुआ मोजणी चुकली, स्वतःच्या पोरीच्या लग्नाची चुकली. बागवाले यायचे बंद झाले. चौकातला एक माणूस तिला पाहून बोटं मोजायचं सोंग करायचा, एक, दोन, सातवा, सातवा... बाकीचे हसायचे. लुआ पाण्याच्या दोन झाऱ्या खांद्यावरच्या काठीला लावून तशीच पुढं जायची. इतक्या वर्षांचं नाव गेलं होतं, आणि तिला वाटत होतं, ते कुणा दुसऱ्या बाईचं असावं. रोज संध्याकाळी ती पुढच्या चार ओळींनाही पाणी घालायची, खालचा पाला खुडायची. त्यांचा काय दोष.

*

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी ती चुलीपाशी चिकट तांदूळ भिजत घालत होती. बाहेर गावातले पुरुष दारात ताडाच्या पानांची कमान बांधत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाग दिसते. लुआला दिसलं, नू थेउचा हात धरून तिला सुपारीच्या झाडापाशी घेऊन गेली. काहीतरी बोलली. मग हात लांब करून तिनं दाखवलं, पाला, पाला, मधे कळ्यांची पट्टी, झाड, खांब.

थेउनं मान वळवून खांबाकडं पाहिलं. आणि मग, अंगातल्या नव्या कोऱ्या विजारीसकट, ओल्या वाफ्यात खाली बसली.

लुआनं तांदळावरचं पाणी बदललं.

थोड्या वेळानं थेउ दारात आली. मागून सगळी चिखलानं भरलेली.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"ताई... मी तुझी फुलं मारली. रोज रात्री, मी माझ्या हातानं तो दिवा लावत होते. आणि तू गावभर सांगत सुटलीस की तूच चुकलीस. मी तुला म्हातारी म्हटलं, सगळ्यांसमोर. तेव्हा तरी एक थोबाडीत द्यायचीस."

"हात भाताचे होते."

"मस्करी करू नकोस."

"नाही करत." लुआनं खरंच आठवून पाहिलं. "भाजी निवडत होते मी तेव्हा."

थेउ चौकटीला धरून रडायला लागली. आवाज न करता, तोंड वाकडं करून, लहानपणी आईचा मार खाऊन रडायची तशी. "वीस वर्षं मी तिच्यासाठी काही केलं नाही गं. नुसती खोकी पाठवली. म्हटलं, एक तरी गोष्ट या हातांची असावी तिच्या अंगावर... एकच. आणि ती करताना मी तुझी एकच गोष्ट..."

"तिला सांगितलंस का, आओझाय तू शिवलास म्हणून?"

"सांगितलं."

"घालून बघितला तिनं?"

"बघितला. नीट बसला. कमरेतही."

"मग झालं की. फुलं काय, पुढच्या वर्षी येतात. आईच्या हातचं पोरीच्या अंगाला एकदाच लागतं." लुआनं तांदळात हात घातला आणि काढला. "आणि खरं सांगितलं असतं, तर तू तो अंगावर घालू दिला असतास का तिला? लाल रंग बघितला की तुला पाला दिसला असता."

थेउ खाली बसली आणि तिनं बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिचे खांदे हलत होते. लुआनं ओला हात तिच्या केसांवर ठेवला. आपणही रडावं असं तिला वाटलं, सोबत म्हणून तरी... पण विहिरीत बादली सोडावी आणि ती नुसती कोरडी खडखडत वर यावी, तसं झालं.

"ऊठ," ती म्हणाली. "विजार भिजत घाल. चिखल वाळला तर निघणार नाही."

*

लग्नाच्या दिवशी ऊन मधासारखं पडलं होतं. मागच्या दोन ओळींची आणि सुपारीमागच्या पट्टीची फुलं नेमक्या त्या सकाळी उघडली, लुआनं मोजली होती तशी. देव्हाऱ्यापुरती झाली, नवरीच्या हातापुरती झाली. दारात ताडाची कमान, आणि कमानीपासून ओट्यापर्यंत दोन्ही बाजूंना हिरवागार पाला.

नवऱ्याकडची माणसं लाल डब्यांतून सुपारी, चहा आणि हिरव्या पोह्यांच्या वड्या घेऊन आली. त्यांच्यातला एक जाडजूड काका पाल्याकडं बघून म्हणाला, "वा, इथं लग्नात पालेभाजी लावायची पद्धत आहे का? मडकं चढवा, सूप करू."

"करा की," कुंपणातून तेओ आजी म्हणाली. "पण या पाल्याचं सूप प्यालं की माणूस खरं बोलायला लागतो. मागं एकजण प्याला, तर बायकोनं घराबाहेर काढला त्याला. तुम्हाला वाटीभर देऊ का?"

लोक हसले. काका विधींना आत न येता बाहेर गाडीवाल्यांपाशीच जाऊन बसला.

आत सगळं रीतीनं झालं. आईच्या खुर्चीवर थेउ बसली, नूनं वाकून चहा दिला, थेउनं कर्णफुलं घातली, तेव्हा तोआननं, म्हणजे नवऱ्यामुलानं, पुढं होऊन दिवा धरावा तसा आरसा धरला. नू लाल आओझायमधे उभी होती. सोन्याची फुलं अंगावर, खरी फुलं हातात. लुआ स्वयंपाकघराच्या दारात टेकून बघत होती. सुंदर दिसतेय, तिनं स्वतःला सांगितलं. स्वतःनं ऐकलं, आणि काही उत्तर दिलं नाही.

मग निघायची वेळ झाली. कुळातले थोरले काका अंगणात उभे राहून नावं वाचायला लागले, नवरीबरोबर कोणी जायचं त्यांची. वेन बायमधे नवरीला सासरी पोचवायला काका जातात, मामा जातात, मावश्या, आत्या, मैत्रिणी, सगळं गाव जातं. जात नाही ती फक्त आई. आई उंबऱ्यापाशी राहते. मुलगी सासरच्या दारात पाऊल टाकते तेव्हा आईनं आपल्या घरात असावं लागतं, अशी रीत आहे, आणि तेओ आजीच्या आजीच्या काळापासून ती कुणी मोडलेली नाही.

"पुढच्या गाडीत," काकांनी वाचलं, "मी, धाकटे काका, आणि मावशी. लुआ, चप्पल घाल. थेउ, तू इथं थांब."

लुआनं हात पुसले. चप्पल कुठं काढली ते ती शोधायला लागली.

"काका, मावशी येणार नाही," नू म्हणाली.

लुआ वाकलेली होती, ती तशीच राहिली. तिला वाटलं, हेही बरोबरच आहे. मोजणी चुकलेली बाई, कशाला गाडीत.

"येणार नाही म्हणजे? पुढच्या गाडीत कोण बसणार मग?"

"आई बसेल."

"अगं, डोकं फिरलंय का? मुलीची आई पोचवायला जात नसते."

"म्हणूनच म्हणतेय," नू म्हणाली. आवाज चढवला नाही, बालवाडीतल्या पोरांना समजावते तसं हळू. "मावशी इथं राहील. घरी."

काकांनी थेउकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. थेउचा चेहरा पांढरा झाला होता. ती आईच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती, आणि एक क्षण असा आला की ती काय करेल हे कुणालाच सांगता आलं नसतं... मग तिनं खुर्ची सोडली. अंगण ओलांडून ती लुआपाशी आली, खाली वाकली, लुआच्या पायांशी पडलेली लुआची चप्पल उचलली आणि स्वतःच्या पायात घातली.

"चल नू," ती म्हणाली. गाल ओले होते, पण आवाज सरळ होता. "मावशीनं सोबत जायचं असतं ना. मी येते. ताई... तू घर सांभाळ. पोर तिथं उंबरा ओलांडेपर्यंत हलू नकोस कुठं."

काकांनी कागद खिशात घातला.

नू लुआसमोर आली. वाकून नमस्कार केला, जसा घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला करतात. "मावशी, जाते मी," ती म्हणाली. "भूक लागली की येईन." आणि पाल्याच्या दोन रांगांमधून, हिरव्या पाल्याला लाल रेशीम घासत, ती चालत गेली. गाड्या सुरू झाल्या, धूळ उडाली, धूळ बसली.

अंगणात उरल्या खुर्च्या, सुपारीची टरफलं, आणि ओट्यावर लुआ. तेओ आजी कुंपणाच्या भोकातून आख्खी आत आली, पहिल्यांदाच, आणि तिच्या शेजारी टेकली.

"रड की गं. या वेळी आया रडतात."

"येत नाहीये."

"मग बस."

दोघी बसल्या. आजीनं एकही गोष्ट सांगितली नाही.

पाऊण तास झाला असेल. एक स्कूटर फटफटत दारात आली. मघाचा तोच जाडजूड काका, घामानं निथळलेला. "परतीचे डबे राहिले, आम्ही आणलेले," तो धापा टाकत म्हणाला. "ते घेतल्याशिवाय आमच्याकडं पुढचं काही होईना. मुलीच्या आईच्या हातून घ्या म्हणालेत." त्यानं एका म्हातारीकडून दुसरीकडं पाहिलं. "मुलीची आई कोण तुमच्यात?"

तेओ आजीनं लुआकडं पाहिलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

"मी," लुआ म्हणाली.

ती उठली, आत गेली, देव्हाऱ्याखालचे लाल डबे दोन्ही हातांनी आणून त्याला दिले. "पोर उंबरा ओलांडून आत गेली का?"

"गेली की. कधीच गेली."

"बरं."

स्कूटर गेली. लुआ परत ओट्याकडं वळली आणि दुसऱ्या पावलाला थांबली. अनवाणी होती ती. डाव्या टाचेत काहीतरी सलत होतं. तिनं पायरीवर बसून पाय वळवून पाहिला. कमानीच्या बांबूचं कुसळ, बोटाच्या पेराएवढं, आत गेलेलं, आणि भोवतीचं रक्त केव्हाचं वाळून काळं झालेलं. पहाटेच लागलं असणार. दिवसभर ती या पायावर उभी होती, चालली होती.

आता दुखत होतं. चांगलंच दुखत होतं... टाचेतून पोटरीत, पोटरीतून वर, छातीपर्यंत.

"आजी," लुआ म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "दुखतंय गं मला."